मिराज इतकं उंचावरून का?

महाराजपुऱ्याच्या हवाई तळावरून मिराज हे लढाऊ विमान उठलं की ग्वाल्हेरात आम्ही बोलणं मध्येच थांबवतो, ते गेल्यावर वाक्य पुढे चालू. पाहुण्यांना गंमत वाटते. कारगिलचा विषय निघाला की ते हमखास विचारतात, विमानं एवढ्या उंचावरून बॉम्ब का टाकत होती? घाबरून?

आमचे काका हवाई दलातून निवृत्त. ते सरळ खडू घेऊन फरशीवर डोंगर काढतात. खांद्यावरून डागायचं स्टिंगर क्षेपणास्त्र जेमतेम 15 किलोचं, मारा साडेतीन-चार किलोमीटर उंच. पण डागणाराच 5 किलोमीटर उंच शिखरावर बसलाय! म्हणजे साडेआठ-नऊ झाले. खालच्या दरीत उडणारं हेलिकॉप्टर तर त्याच्या पायाशीच. 28 मे 1999ला एमआय-17 पडलं ते असंच. क्षेपणास्त्र इंजिनाच्या उष्णतेचा माग काढतं, त्याला चकवायला जळते फ्लेअर सोडतात. त्या हेलिकॉप्टरवर ते नव्हतेच. चौघं गेले. इथे काका जरा थांबतात.

मग इथली मिराज गेली, 30 हजार फुटांच्या आसपास, म्हणजे 9 किलोमीटरहून जरा वर, त्या माऱ्याबाहेर राहून लेझरने नेम धरणारी. 24 जूनला टायगर हिल शिखरावर बॉम्ब. घाबरून म्हणे! फरशी पुसायचं काम मात्र काकूंकडे.