कार्यमुक्त

'करार कालावधी संपुष्टात येत असल्याने आपणास आज कार्यालयीन वेळेनंतर कार्यमुक्त करण्यात येत आहे' हे वाक्य असलेले पत्र मला दर वर्षी 31 मार्चला मिळत असे. मी दुय्यम प्रतीवर सही करायचो, टेबलाच्या खणातला स्टीलचा पेला पिशवीत टाकायचो आणि भांडुपला घरी यायचो. एप्रिल बिनपगारी जायचा, मे महिन्यात एजन्सीचा नवा आदेश यायचा, पेला पुन्हा खणात जायचा. असे सहा एप्रिल गेले. सातव्या वर्षीही सही केली, पेला आणला, पण यंदा मे संपला तरी आदेश आला नाही. जूनमध्ये चौकशी केली तेव्हा आस्थापना शाखेतील लिपिकाने, कुणी न आलेल्या पाहुण्याबद्दल सांगावे इतक्या सहजपणे, 'मुदतवाढीची टिप्पणी वरून परत आली' असे सांगितले. त्यामुळे माझी नोकरी नेमकी कोणत्या दिवशी गेली, हे मला आजही सांगता येत नाही.

बेरोजगारांना काम मिळवून देणाऱ्या सरकारी केंद्रातील समुपदेशकच बेरोजगार झाला, यातला विनोद नातेवाइकांपासून किराणा दुकानदारापर्यंत सर्वांनी करून झाला आहे, तेव्हा वाचकांनी तेवढी कृपा करावी. केंद्र मुंबईतले आहे. कोणते ते लिहीत नाही, कारण तेथील दोन सहकाऱ्यांचे करार अजून चालू आहेत.

आमची पदे आकृतिबंधात नव्हती, म्हणजे कागदोपत्री आम्ही त्या कार्यालयाचे कुणीच नव्हतो. कायम होण्याची आशा मी फार पूर्वी सोडली होती. कंत्राटी माणसांच्या चहाच्या टेबलावर 'उमादेवी' हे नाव घरातल्या कडक आजीसारखे घेतले जाते: सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 सालच्या त्या निकालाने, केवळ वर्षानुवर्षे काम केले म्हणून सेवेत कायम होण्याचा हक्क मिळत नाही, हे स्पष्ट केले. सप्टेंबर 2023 मध्ये राज्यात बाह्यस्रोतातून, म्हणजे खाजगी एजन्सींमार्फत, पदे भरण्याचा शासन निर्णय निघाला आणि ओरड झाल्यावर पुढच्याच महिन्यात तो रद्द झाला. तेव्हा अनेकांनी आमचे अभिनंदन केले होते. आमच्या मानधनाच्या चिठ्ठीवरील एजन्सीचे नाव मात्र तेच राहिले.

माझ्या वडिलांच्या पिढीला 'एम्प्लॉयमेंट एक्सचेंजचे कार्ड', म्हणजे आमच्या केंद्राच्या जुन्या अवतारातले नोंदणीचे कार्ड, काय असते ते सांगावे लागत नसे. ही व्यवस्था 1945 साली, महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना कामाला लावण्यासाठी सुरू झाली आणि काही वर्षांत सर्वांसाठी खुली झाली. वडिलांचे कार्ड आईने रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवले होते. नूतनीकरण चुकले तर ज्येष्ठता जाते या धास्तीने ते ठरल्या तारखेला रांगेत उभे राहत आणि 'कॉल' येण्याची वाट पाहत. कॉल एकदाच आला, तोही पत्ता बदलल्यामुळे मुलाखत होऊन गेल्यावर. मी या कामात आलो त्यात त्या एका पाकिटाचा थोडा वाटा असावा. आता कार्ड नाही, पोर्टल आहे, आणि केंद्राच्या पाटीवर रोजगाराच्या आधी कौशल्य विकास आला आहे.

समोर बसलेल्या बहुतेकांची समजूत अशी असे, की कंपन्यांना आमच्याकडूनच माणसे घ्यावी लागतात. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1959 च्या सक्तीच्या अधिसूचना कायद्याने 25 किंवा अधिक माणसे असलेल्या खाजगी आस्थापनेवर रिक्त पदे केंद्राला कळवण्याचे आणि दर तिमाहीला ई-आर-वन हे मनुष्यबळाचे विवरणपत्र भरण्याचे बंधन घातले होते; पण कळवलेल्या जागेवर आमचाच उमेदवार घ्यावा असे बंधन त्यात कुठेही नव्हते. शिवाय कळवले नाही तर पहिल्या गुन्ह्याला दंड किती होता, तर पाचशे रुपयांपर्यंत. अंधेरीच्या एका मनुष्यबळ अधिकाऱ्याने मला फोनवर विचारले होते, की तो गूगल पे केला तर चालेल का. अशा कायद्याच्या बळावर जागा मिळत नाहीत. त्या मिळतात त्या फोन करकरून, ओळखी ठेवून, आणि पाठवलेला माणूस टिकला तर पुढच्या वेळी आपला फोन उचलला जाईल या हिशेबाने.

हा हिशेब कोणत्याही तक्त्यात नव्हता. आमच्याकडून मागवली जाई ती नोंदणी किती, मेळावे किती, नियुक्त्या किती एवढीच माहिती, आणि मेळाव्यात हातात पडलेले प्राथमिक निवडीचे पत्रसुद्धा नियुक्ती म्हणून मोजले जाई. तो माणूस दुसऱ्या महिन्यात तिथे होता का, हे मला सात वर्षांत वरच्या कुणी विचारले नाही. मी स्वतः एका वहीत ते टिपून ठेवत असे. सरकारी काम नव्हे ते, म्हणून वही माझीच, आणि आज ती घरी आहे.

त्या वहीतील एक नोंद लोअर परळच्या एका गाळ्यातील ऑफसेट छपाईवाल्याची आहे. वय 47, शिक्षण नववी, छापखाना बंद. पोर्टलवर त्यांची नोंदणी करताना मी राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणातील 7322 हा मुद्रकांचा गट निवडला, जो बरोबरच होता, आणि 'रजिस्ट्रेशन झाले' असे त्यांना म्हणालो. ते माझ्या मागच्या भिंतीवरील रोजगार मेळाव्याच्या पोस्टरकडे पाहत होते. 'साहेब, त्याचं रजिस्ट्रेशन नाही झालेलं. मॅजेंटा सरकलाय.' मी उठून जवळून पाहिले. पांढऱ्या अक्षरांच्या डाव्या कडेला खरोखर केसाएवढी गुलाबी रेघ होती. चार रंग एकमेकांवर अचूक बसणे याला त्यांच्या धंद्यात रजिस्ट्रेशन म्हणतात, हे मला तेव्हा कळले. ती रेघ त्यांना खुर्चीत बसून, सहा-सात फुटांवरून दिसली होती. पोर्टलवर ही गोष्ट लिहायला रकाना नाही. 'इतर कौशल्ये' मध्ये मी ती मराठीत लिहिली, तर प्रणालीने अवैध अक्षर म्हणून नाकारली. मग वसईकडे खोकी छापणाऱ्या एका कारखान्याच्या मालकांना फोन केला आणि पोस्टरची हकीकत जशीच्या तशी सांगितली. त्यांनी नववी पास की नापास हे विचारलेसुद्धा नाही. वहीत त्या नावापुढे तीन महिन्यांची, सहा महिन्यांची आणि वर्षाची खूण आहे.

माझे काम काय होते असे कुणी विचारले, तर तो फोन एवढेच माझे काम होते. आता 'मेळाव्यांचे नियोजन व डेटा एन्ट्री अन्य कर्मचाऱ्यांकडे वर्ग' झाल्याने समुपदेशकाची गरज उरलेली नाही असे मला सांगण्यात आले, आणि राग यावा असे त्यात काही खोटे नाही, कारण जे त्यांनी मोजले ते खरोखरच वर्ग करता येते.

टेबलाच्या या बाजूला आल्यावर माझ्याच काही वाक्यांची लाज वाटली. 'रोज थोडा वेळ शोधायला द्या, खचून जाऊ नका' हे मी किती जणांना सांगितले असेल! पहिल्या पंधरवड्यात मी दुपारी बारापर्यंत अंथरुणातून उठत नव्हतो. राज्य कामगार विम्यातून बेरोजगारी भत्ता देणाऱ्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेची माहिती मी इतरांना तोंडपाठ सांगत असे, पण ती विमाधारकांसाठी आहे, आणि विम्याची वेतनमर्यादा 21,000 रुपये आहे. माझे मानधन 23,500 होते. भविष्यनिर्वाह निधीचा अर्ज भरताना 'नोकरी सोडल्याचे कारण' या रकान्यात बराच वेळ थांबलो. सोडली मी नव्हती. पोर्टलवर स्वतःची नोंदणीही केली. माझा गट 2423, मनुष्यबळ आणि करिअर व्यावसायिक. त्या गटात मुंबईसाठी तीन जागा दिसल्या, तिन्ही विमा विक्रीच्या निघाल्या. चुकीच्या गटात जागा टाकणाऱ्या अशा जाहिरातींवर मी पूर्वी रोज हरकत नोंदवत असे. सवयीने याही वेळी नोंदवली.

साकीनाक्याच्या एका खाजगी भरती कंपनीने बोलावले होते. मुलाखत चांगली झाली. पगार आधीपेक्षा जास्त देतो म्हणाले, फक्त त्यांना माझ्या फोनमधले नंबर हवे आहेत: वसईचे ते मालक, महापे, तळोजा आणि अंधेरीतले मनुष्यबळ अधिकारी, सात वर्षांत जोडलेले सगळे. उमेदवारांकडून नोंदणी शुल्क घेता का, असे मी विचारले. 'नाममात्र' असे उत्तर आले. 'नोकरी लावतो म्हणून कुणी आधी पैसे मागितले तर तिथून उठा' हे वाक्य मी केंद्रात दिवसातून दोन-तीनदा तरी उच्चारत होतो. आणि ते नंबर माझे, की केंद्राचे, की माझ्या शब्दावर माणसे घेणाऱ्या त्या मालकांचे, हेही मला ठरवता येत नाही. पत्नी म्हणते, गणपती तोंडावर आले आहेत आणि मुलीच्या कॉलेजची फी भरायची आहे, तेव्हा हा विचार जरा लवकर संपवा. तिचेही बरोबर आहे.

गुरुवारपर्यंत त्यांना कळवायचे आहे. काल रात्री वही काढून वसईच्या मालकांना फोन लावला. तुमचा नंबर दुसऱ्या कुणाला दिला तर चालेल का, असे विचारणार होतो. त्यांनी मला बोलू न देताच विचारले, की दुसऱ्या पाळीसाठी आणखी एक छपाईवाला हवा आहे, कुणी आहे का तुमच्याकडे?