क्यूच्या दप्तरखान्यात तीन दिवस: महायुद्धातल्या चोरून वाचलेल्या तारा

बर्लिनमधला जपानी राजदूत हिरोशी ओशिमा 1941 साली टोकियोला काय कळवत होता, आणि ब्रिटिशांनी ते नेमकं कधी वाचलं? एवढ्या एका प्रश्नासाठी लंडनजवळच्या क्यूला, 'नॅशनल आर्काइव्ह्ज' या ब्रिटनच्या सरकारी दप्तरखान्यात, तीन दिवस पुरले. तेही घरूनच फायलींची यादी करून नेली होती म्हणून.

आधी वार बघा. रविवार-सोमवार बंद. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सातपर्यंत उघडं असतं, म्हणून मंगळ-बुध-गुरू हा मुक्काम सोयीचा. तरी निघण्याआधी वेळा संकेतस्थळावर पडताळा. हिथ्रोहून पिकॅडिली लाइनने हॅमरस्मिथ, तिथून डिस्ट्रिक्ट लाइनची रिचमंडला जाणारी गाडी, आणि उतरायचं क्यू गार्डन्सला. डिस्ट्रिक्टच्या सगळ्याच गाड्या रिचमंडला जात नाहीत, तेव्हा डब्यावरची पाटी वाचूनच चढा. क्यू ब्रिज हे स्टेशन वेगळं, नदीपलीकडचं. नावाला फसून तिथे उतरलात तर पायपीट. क्यू गार्डन्सहून दहा मिनिटं चाललं की पोचलात.

प्रवेशाला पैसे नाहीत, पण मूळ कागद हातात घ्यायला 'रीडर्स टिकीट' लागतं. नावनोंदणी ऑनलाइन करून जा. तिथे नावाचा एक पुरावा आणि पत्त्याचा एक, दोन्ही मूळ स्वरूपात दाखवावे लागतात. पासपोर्टने नावाचं काम होतं, अडतं ते पत्त्याशी. बँकेचं ताजं स्टेटमेंट छापून घेतलेलं बरं, पण काय चालतं त्याची यादी आधी बघा.

वाचनकक्षात पेन, खोडरबर, टोकयंत्र, कोट, पिशवी यातलं काही चालत नाही. पेन्सिल, लॅपटॉप, फोन चालतो, पारदर्शक पिशवीतून न्यायचा. फ्लॅश बंद ठेवून फोटो फुकट काढता येतात. एका वेळी तीनच दस्तऐवज मिळतात आणि ते तुमच्या आसनाच्या क्रमांकाच्या कप्प्यात येऊन पडतात. यायला तासभर धरा. म्हणून पहिल्या दिवसाचे दस्तऐवज घरूनच मागवून ठेवावेत, नाहीतर सकाळ चहात जाते.

आता खरं काम. परराष्ट्र खात्याचा राजकीय पत्रव्यवहार 'एफओ 371' या मालिकेत आहे. फायलीवरचा जुना क्रमांक वाचता आला पाहिजे. समजा 'एफ 4321/12/23' असेल, तर एफ म्हणजे अतिपूर्व विभाग, मग कागदाचा क्रमांक, मग फायलीचा, आणि शेवटचा 23 म्हणजे जपान. (चीन 10. सी म्हणजे मध्यवर्ती विभाग, त्यात जर्मनी 18.) जुन्या छापील सूचीत नोंद सापडली म्हणजे कागद सापडलाच, असं समजू नका. पुष्कळ कागद नंतर छाटणीत गेले आणि सूचीत नुसती नावं उरली. पेशवे दप्तरातले रुमाल चाळणाऱ्यांना हा अनुभव नवा नसावा.

मात्र ओशिमाच्या पकडलेल्या तारा एफओ 371 मध्ये शोधत बसू नका. चोरून वाचलेल्या तारांचा उल्लेख साध्या फायलीत करायचाच नाही, असा दंडक होता. त्या 'एचडब्ल्यू 12' या उकललेल्या राजनैतिक तारांच्या मालिकेत आहेत. तिथे यादीत फक्त महिना दिसतो, राजदूताचं नाव टाकून काही हाती लागत नाही. गठ्ठा मागवायचा आणि पान पान उलटायचं. प्रत्येक पानावर दोन तारखा असतात: तार पाठवल्याची एक आणि उकललेली प्रत काढल्याची दुसरी. सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात. जून 1941च्या सुरुवातीला हिटलरने ओशिमाला रशियावरच्या स्वारीचा इशारा दिला आणि 22 जूनला स्वारी झाली. मधल्या अडीच आठवड्यांत लंडनला काय माहीत होतं, हे दुसरी तारीखच सांगते. पहिलीवरून लिहिलंत तर ब्रिटिशांना होतं त्याहून आधी शहाणं करून ठेवाल. पानावरची वाटपाची यादीही टिपा. तिच्यात परराष्ट्र खातं, नौदल यांच्याबरोबर इंडिया ऑफिसही, म्हणजे लंडनमधलं भारताचा कारभार बघणारं खातंही, भेटतं.

चर्चिलपर्यंत काय पोचलं ते 'एचडब्ल्यू 1' या मालिकेत. लाल शाईतला शेरा त्यांचा, हिरव्या शाईतला 'सी' म्हणजे गुप्तहेर खात्याच्या प्रमुखाची सही. म्हणून फोटो रंगीतच काढा, काळ्या-पांढऱ्यात कोण बोलतंय ते कळत नाही.

कागद कोपऱ्यात दोऱ्याच्या टॅगने ओवलेले असतात. टॅग सोडायचा नाही आणि क्रम मोडायचा नाही. प्रत्येक फायलीचा पहिला फोटो मुखपृष्ठाचा, क्रमांकासकट. हा आळस केला तर घरी आल्यावर चारशे फोटो कुठले ते लावत बसाल. मधेच 'कलम 3(4)नुसार राखून ठेवले' अशी चिठ्ठी निघाली (कलम सार्वजनिक दस्तऐवज कायद्याचं), तर मूळ कागद अजून ज्या सरकारी खात्याचा त्याच्याकडेच आहे. चिठ्ठीचाही फोटो घ्या. माहिती अधिकाराचा अर्ज करताना तोच क्रमांक लागतो.

भारतीय क्रांतिकारकांवर पाळत ठेवणाऱ्या 'इंडियन पोलिटिकल इंटेलिजन्स'च्या फायलींसाठी क्यूला येऊ नका. त्या सेंट पँक्रसच्या ब्रिटिश लायब्ररीत, 'एल/पीजे/12' मालिकेत आहेत, आणि तिथला पास वेगळा काढावा लागतो.