मोठा खेळाडू का नाही नेमलात?

नाशिकला भोसला शाळेच्या मैदानावर सकाळी चालायला गेलं की कोणी ना कोणी गाठतंच. कधी एखाद्या धावपटूचे वडील, कधी जुना प्रशिक्षक. "सर, राष्ट्रीय महासंघाच्या त्या निवड समितीत तुम्ही होतात ना? मग सीईओ, म्हणजे पगारी मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून एखादा मोठा खेळाडू का नाही नेमलात?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नावं मात्र घेणार नाही, समितीत बसताना तसा शब्द दिला आहे.

खेळाडूंचं मोल नाशिककरांना काय सांगायचं! सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० साली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य आणलं आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. दुष्काळी चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ सैन्यात जाऊन वल्ही मारायला शिकला आणि २०१६ला रिओ ऑलिंपिकला पोहोचला. मैदानावर अशी मुलं कुणाला हार जात नाहीत. अडतात ती कचेरीच्या टेबलावर.

मी बारा वर्षं जिल्हा संघटनेचा मानद सचिव होतो. पेठकडची एक मुलगी राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवडली गेली. प्रवेशिका मी वेळेत पाठवली होती. वरच्या कार्यालयात ती तशीच पडून राहिली, कारण सही करणारे गृहस्थ परगावी गेले होते. मुदत टळली. तिकीट रद्द करायला तिचे वडील आणि मी नाशिकरोडला गेलो. ते एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या वर्षी मुलीचं लग्न झालं. ती रांग, ती खिडकी मला अजून दिसते.

म्हणून मुलाखतीत मी प्रत्येकापुढे एकच प्रसंग ठेवला. निवड चाचणी मंगळवारी, प्रवेशिकेची मुदत गुरुवारी, आणि मुलीच्या जन्मदाखल्यावरचं नाव आधारशी जुळत नाही. काय कराल? नामवंत माजी खेळाडू खेळाडूंवरच्या अन्यायाबद्दल फार कळकळीने बोलले, पण त्या मुलीचं काय, ते राहूनच गेलं. निवृत्त अधिकारी म्हणाले, परिपत्रक काढू. एका बाईंनी उलट आम्हालाच विचारलं, "गुरुवारी किती वाजेपर्यंत? तिच्या प्रशिक्षकांचा नंबर कोणाकडे आहे? आणि दाखले चाचणीआधीच का नाही तपासले?" शालेय स्पर्धांची नोंदणी आणि हिशेब त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळले होते. माझं मत तिथेच ठरलं.

माणूस निवडणं त्या मानाने सोपं, त्याच्या हाती कारभार सोपवणं अवघड. हौशी खेळांच्या संघटना मानद पदाधिकाऱ्यांनी पदरमोड करून उभ्या केल्या, त्याबद्दल मला आदरच आहे. पण त्यामुळे शिक्का, चेकबुक, परदेशी पत्रव्यवहार, सगळं सरचिटणीसांच्या कपाटात. पगारी सीईओ आल्यावर त्यातलं काय कोणाकडे जाणार, हे नेमणुकीआधी कागदावर यायला हवं, असा मी हट्ट धरला. भारतीय ऑलिंपिक संघटनेने २०२२च्या नव्या घटनेत सरचिटणीसाच्या जागी सीईओ आणला. जानेवारी २०२४मध्ये रघुराम अय्यर यांची नेमणूक जाहीर झाली, आणि कार्यकारिणीतल्या बहुतेकांनी ती मानलीच नाही. मान्यता मिळेपर्यंत दीड वर्ष गेलं. पदाधिकाऱ्यांच्या कारभाराची किंमत खेळाडू कशी मोजतात, ते तर आपण त्याआधीच पाहिलं होतं. निवडणुकीच्या घोळामुळे डिसेंबर २०१२मध्ये याच संघटनेवर निलंबन आलं, आणि २०१४च्या सोची हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनात शिवा केशवन आणि आपले आणखी दोन खेळाडू तिरंग्याविना, ऑलिंपिकच्या ध्वजाखाली चालले. टीव्हीसमोर बसवेना मला.

बाई रुजू झाल्या त्या दिवशी त्यांनी ठरलेल्या कागदावर बोट ठेवून एकेक वस्तू मागितली. चेकबुक दुसऱ्या दिवशी मिळालं. अधिकृत ईमेलचा पासवर्ड यायला अकरा दिवस लागले. आला त्या रात्री त्यांचा फोन आला. म्हणाल्या, "सर, उत्तर न गेलेली पत्रं मोजतेय."