कंसातली बारा वचनं

दृढीकरणाची, म्हणजे मोठं झाल्यावर स्वतः विश्वास कबूल करून मंडळीत पक्कं होण्याची, उपासना रविवारी होती. बिशपसाहेब येणार म्हणून शनिवारी दुपारी नाशिकच्या शरणपूर भागातल्या, मी पाळक असलेल्या चर्चात बाकं पुसणं, फुलं, गायकवृंदाची तालीम असा गलबला चालला होता. त्यात एक तरुण आजीला घेऊन माझ्या खोलीत आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "साहेब, उद्या माझं नाव वाचू नका."

मुलगा अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दृढीकरणाच्या वर्गात सगळ्यांत मन लावून ऐकणारा. त्याने मोबाइलवर इंग्रजी बायबल उघडून माझ्यापुढे धरलं. योहानाच्या शुभवर्तमानातली ७:५३ ते ८:११ ही वचनं कंसात, आणि खाली टीप: सर्वांत जुन्या हस्तलिखितांत हा भाग नाही. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्ट. शास्त्री आणि परूशी हे यहुदी धर्मपुढारी तिला दगडमार करायला आणतात, प्रभू वाकून जमिनीवर लिहीत बसतात आणि शेवटी तिला शिक्षा न करता पाठवतात, ती.

"आजीने मला पहिली शिकवलेली गोष्ट हीच. ही कुणी नंतर घातली असेल, तर बाकीचं घातलेलं नाही कशावरून?"

आजी खुर्चीत बसली होती. मांडीवर तिचं जुनं पवित्र शास्त्र. योहानाच्या त्या पानाची कड बोट फिरून फिरून तपकिरी झालेली.

अशा वेळी "बाळा, शंका घेऊ नकोस, प्रार्थना कर" असं म्हणून पाठवणी करतात. मला ते मान्य नाही. आमचा विश्वास म्हणतो की अमुक ठिकाणी, रोमी सुभेदार पंतय पिलाताच्या अमदानीत अमुक घडलं. असं म्हणणाऱ्याने तपासणीला दार उघडं ठेवलंच पाहिजे. लूक तर आपल्या शुभवर्तमानाच्या पहिल्या चार वचनांतच सांगतो की मी सगळं मुळापासून शोधून लिहितो आहे.

मी दार लोटलं आणि आधी त्याला सांगितलं, टीप खरी आहे. इ.स. २००च्या आसपासची मानली जाणारी पपायरस ६६ आणि ७५ ही लव्हाळ्याच्या कागदावरची हस्तलिखितं, चौथ्या शतकातले सिनाय आणि व्हॅटिकन कोडेक्स, म्हणजे हाताने लिहिलेले जुने ग्रंथ, यांत ही बारा वचनं नाहीत. पाचव्या शतकातल्या बेझा कोडेक्समध्ये आहेत, जेरोमच्या लॅटिन भाषांतरात आहेत. काही ग्रीक प्रतींत तर ती योहानात नसून लूकच्या २१व्या अध्यायानंतर येतात. संत ऑगस्टिनला वाटत होतं की आपल्या बायकांना मोकळीक मिळेल या भीतीने काही अल्पविश्वासी पुरुषांनीच हा भाग काढून टाकला. माझं मत विचाराल तर घटना जुनी आणि खरी आहे, पण ती योहानाच्या लेखणीतून उतरलेली नाही.

"मग बाकीचं?" तो हटला नाही.

मी उलट विचारलं, "ही बारा वचनं संशयास्पद आहेत हे आपल्याला कळलं कसं?" नव्या कराराच्या पाच हजारांहून अधिक ग्रीक हस्तलिखितं आहेत, शिवाय लॅटिन, सिरियाक, कॉप्टिक भाषांतरं. ती वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या हातांनी उतरवली गेली. सगळ्या प्रती गोळा करून एकच ठेवायची आणि उरलेल्या जाळायच्या, असं कुणाला कधी जमलं नाही. एकाने एके ठिकाणी भर घातली तर दुसरीकडच्या प्रती ती उघडी पाडतात. इतके मोठे वादाचे उतारे दोनच: हा, आणि मार्कच्या शुभवर्तमानाचा शेवट, १६:९ ते २०. बाकी फरक बहुतांशी शुद्धलेखनाचे, शब्दांच्या क्रमाचे, ओळ गाळल्याचे. काही महत्त्वाचे आहेत, तेही झाकलेले नाहीत. योहानाच्या पहिल्या पत्रातलं स्वर्गातल्या तीन साक्षीदारांचं वाक्य लॅटिनमधून शिरलं, आणि आजच्या बहुतेक आवृत्त्यांनी ते काढलं.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे रिजेक्शन लपवलेलं नाही, रजिस्टरला नोंदवलंय."

त्याला मी पैठणच्या नाथमहाराजांची आठवण दिली. त्यांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पाठभेदांनी बिघडलेली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. म्हणून महाराष्ट्रात कुणी ज्ञानेश्वरीला खोटं म्हटलं नाही. उलट शुद्ध प्रत हाती आली म्हणून लोक नाथांचे ऋणी राहिले.

मग कागदावर पट्टीने साधारण नऊ बाय सहा सेंटिमीटरचा चौकोन आखला. मँचेस्टरला ठेवलेला योहानाच्या शुभवर्तमानाचा पपायरसचा तुकडा एवढाच आहे. तो इजिप्तमधून आला, १९३५ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही बाजूंना अक्षरं आहेत, मजकूर पिलातापुढच्या चौकशीचा. बहुतेक अभ्यासक तो दुसऱ्या शतकातला मानतात. हस्ताक्षराच्या वळणावरून ठरवलेला काळ काही दशकं इकडेतिकडे होऊ शकतो, म्हणून एकट्या त्याच्यावर मी भार टाकत नाही.

आता त्याने खरा प्रश्न काढला. "नक्कल बरोबर उतरली म्हणून मूळ खरं ठरतं का, साहेब?"

नाही ठरत, आणि ठरतं असं सांगणारा फसवतो. तो वाद वेगळा. त्यासाठी मी त्याच्यापुढे पहिल्या पिढीतला प्रेषित पौल ठेवला. नव्या करारातल्या प्रेषितांची कृत्ये १८ प्रमाणे ग्रीसमधल्या करिंथात पौलाला रोमी सुभेदार गल्लियोपुढे उभं केलं होतं. डेल्फीच्या शिलालेखामुळे गल्लियोचा काळ इ.स. ५१-५२च्या आसपास ठरतो. त्यानंतर थोड्याच वर्षांत पौल करिंथकरांना लिहितो की उठलेल्या प्रभूला पाचशेंहून अधिक जणांनी पाहिलं आणि त्यांतले बहुतेक आजही जिवंत आहेत. जा, विचारा, असाच त्याचा अर्थ. वधस्तंभानंतर जेमतेम पंचवीस वर्षं. यातून पुनरुत्थान सिद्ध होत नाही, पण पिढ्यानपिढ्या वाढत गेलेली दंतकथा हे उत्तर तिथे टिकत नाही.

आजी इतका वेळ ऐकत होती. पपायरस, कोडेक्स तिच्या डोक्यावरून गेले असतील. तिने एकच विचारलं, "म्हणजे पाळकसाहेब, त्या बाईला प्रभूंनी माफ केलंच नाही का?"

त्या दिवशी मला सर्वांत जड गेला तो हा प्रश्न. पोराचा वाद बुद्धीचा होता. हिचं अख्खं आयुष्य त्या पानाला टेकलेलं. मी तिच्याच पुस्तकात लूकचा सातवा अध्याय काढून मोठ्याने वाचला. परूशी शिमोनाच्या घरी ती पापी स्त्री येते, आसवांनी प्रभूंचे पाय भिजवते, केसांनी पुसते. हा उतारा लूकचा आहे की नाही, असा वाद नाही. "हिला सोडलं, आजी. क्रुसावरच्या चोराला सोडलं. क्षमा त्या बारा वचनांवर टांगलेली नाही. आणि ती बाईही सुटली, असंच मी मानतो." तिने मान हलवली आणि पुढचं वाचायला सांगितलं.

रविवारी त्याचं नाव मी वाचलं नाही. बिशपसाहेबांना आधीच सगळं सांगितलं होतं. घाई नको, म्हणाले. तो आजीशेजारी शेवटपर्यंत बसला.

आता तो गुरुवारी ड्युटी सुटली की येतो. मार्कचा शेवट झाला. परवा त्याने लूक २:२ काढलं: रोमी सुभेदार क्विरिनियाची नावनिशी, म्हणजे शिरगणती. लूक प्रभूंचा जन्म तिच्या वेळचा सांगतो. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस याच्याप्रमाणे ती इ.स. ६ मधली, आणि ज्याच्या काळात प्रभू जन्मले असं मत्तय सांगतो तो हेरोद राजा बहुतेकांच्या मते इ.स.पूर्व ४ मध्येच वारला होता. प्रभूंचा जन्म दोन्हींच्या काळात कसा बसवायचा? अभ्यासकांनी दिलेली उत्तरं मी एकेक करून मांडली, त्यांतली कुठली लंगडी आहेत तेही दाखवलं, आणि मला यातलं एकही पुरतं पटत नाही, हे स्पष्ट सांगितलं. त्याने सगळं वहीत उतरवून घेतलं आणि म्हणाला, पुढच्या गुरुवारी मत्तय आणि लूक यांनी दिलेल्या प्रभूंच्या दोन्ही वंशावळ्या घेऊ.