तुम्ही विचारलंत म्हणून: संध्याकाळी घर इतकं निवांत कसं?

संध्याकाळी कोणी येऊन गेलं की हमखास विचारतात, तुमच्याकडे आल्यावर इतकं शांत का वाटतं, काय लावता, म्युझिक की सुगंधी मेणबत्ती? लावत काहीच नाही हो, उलट बंद करते. जेवणं झाली की छतावरची ट्यूब बंद, आणि कोपऱ्यात खाली ठेवलेला एक दिवा चालू. माझ्या मते निम्म्याहून जास्त काम तेवढ्यातच होतं.

कारण असं, की आपल्या डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत ज्यांचं मुख्य काम बघणं नाहीच, बाहेर उजेड किती आहे एवढं मेंदूला कळवत राहणं. त्या सगळ्यात जास्त जाग्या होतात निळसर उजेडाने, साधारण 480 नॅनोमीटर तरंगलांबीच्या, आणि पांढऱ्या ट्यूबमध्ये तो भरपूर असतो. मग मेंदूला वाटतं अजून दिवसच आहे आणि झोपेची तयारी करणारं मेलाटोनिन उशिरा सुटतं. म्हणून बल्ब घेताना खोक्यावरचा केल्विनचा आकडा बघा, 6500 म्हणजे पांढराफटक, 2700 म्हणजे पिवळसर. पण पिवळा आहे म्हणून भगभगीत लावला तर उपयोग नाही, उजेड कमीसुद्धा हवा. 2022 मध्ये या विषयातल्या संशोधकांनी मिळून सांगितलंय की झोपण्याआधीचे तीन तास डोळ्यापाशी पोचणारा उजेड, या पेशींच्या हिशोबाने मोजलेला, 10 लक्सच्या वर नको (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप). मी काही मीटर घेऊन मोजत नाही. बल्ब थेट दिसू नये, उजेड भिंतीवर पडून परत यावा, एवढं सांभाळते, कोपरे अंधारे राहिले तर राहू देते.

आईला आधी हे अजिबात पटलं नव्हतं, अंधार अंधार वाटतं म्हणायची आणि तिचं बरोबरच होतं, कारण साठीतल्या डोळ्याच्या आत विशीतल्या डोळ्याच्या जेमतेम एक तृतीयांश उजेड पोचतो. ते कळल्यावर मला फार वाईट वाटलं, इतके दिवस मी तिला मंद उजेडात वाचायला लावत होते. आता तिच्या खुर्चीमागे वेगळा दिवा आहे, पुस्तकावरच पडणारा, आणि पॅसेजमध्ये जमिनीलगत एक बारीक दिवा रात्रभर असतो. घरात म्हातारं माणूस असेल तर हे आधी करा, बाकीचं नंतर. मुलाच्या अभ्यासाचंही तसंच, त्याच्या टेबलावर चांगला उजेड, खोलीभर नको.

मग आवाज. कोणी बघत नसताना चालू असलेला टीव्ही बंद, आणि वॉशिंग मशीन संध्याकाळच्या आत उरकायचं, कारण ते गरगरायला लागलं की घरात सगळेच नकळत मोठ्याने बोलायला लागतात, हे मी कितीदा पाहिलंय.

झोपण्याच्या तास-दीड तास आधी कोमट पाण्याने आंघोळ केली तरी बरं वाटतं, हातापायांकडे रक्त जास्त वाहतं, अंगातली उष्णता बाहेर पडते आणि शरीर आतून गार व्हायला लागतं.

लगेच खरेदीला मात्र जाऊ नका. घरात असेल तो टेबल लॅम्प आज खाली जमिनीवर ठेवा, भिंतीकडे तोंड करून, आणि वरचा दिवा बंद करून अर्धा तास नुसते सगळे बसा. पडदे, चादरी, रंग हे सगळं नंतर बघू.