वाशीत सफरचंदाची पेटी पारखताना : माझा अनुभव

ठाण्यातल्या दुकानासाठी मी वाशीच्या फळबाजारातून सफरचंद उचलतो. हिमाचलचा माल म्हणजे रॉयल डिलिशियस, आणि लाली भरली की फळ तयार, हे गणित एके काळी सहसा चुकत नसे. आता त्याच गाळ्यावर गाला, जेरोमाइन, सुपर चीफ, स्कार्लेट स्पर येतात. बागायतदार या नव्या जातींकडे वळले, त्यांचं बरोबरच आहे. रॉयलला हिवाळ्यात ७ अंशांखालचे १,००० ते १,२०० तास लागतात. थंडी कमी पडली की फुलोरा मागेपुढे होतो, फळधारणा घटते. बियांपासून वाढवलेल्या खुंटावर (ज्यावर कलम बांधतात ते मूळ-खोड) वाढलेलं झाड फळायला सात-आठ वर्षं घेतं. एम ९ सारख्या बुटक्या खुंटावरचं तिसऱ्या वर्षीच फळं देतं.

आपली अडचण रंगाची. यातल्या सुपर चीफ, स्कार्लेट स्परसारख्या स्पर जाती (आखूड फांद्यांवर दाट फळं धरणाऱ्या) काढणीच्या बऱ्याच आधी गडद लाल होतात. चांगल्या भावाच्या ओढीने माल लवकर उतरवला, तर वरून देखणं फळ आत बेचव निघतं. त्यामुळे वरच्या थरावर सौदा करू नये. मी ट्रे उचलून तळचं फळ काढतो आणि देठाच्या खळगीत, बुडाशी, जिथे लाली पोचत नाही तिथला रंग बघतो. हिरवा असेल तर कच्चं, पिवळसर असेल तर तयार.

सुपर चीफसारखं फळ सगळीकडूनच लाल असतं, तिथे ही खूण चालत नाही. मग औषधाच्या दुकानातलं टिंक्चर आयोडीन. फळ मधोमध आडवं कापायचं, कापावर आयोडीन लावून दोन-तीन मिनिटं थांबायचं. पिष्ट (स्टार्च) असेल तिथे काळंनिळं होतं. सगळा काप काळा पडला तर फळ अवेळी उतरवलेलं. ते सुरकुततं, पण गोडीला येत नाही. बियांभोवती पांढरं आणि कडेला काळं असेल तर माल टिकेल. काळं काहीच नसेल तर लगेच विकायचा. ऑगस्टच्या दमट हवेत डिलिशियस बाहेर ठेवलं की पिठूळ होतं. तपासलेलं फळ फेकून द्यायचं, खायचं नाही. एका फळावर निकाल लावू नये, वेगवेगळ्या पेट्यांतली चार-पाच तरी कापावीत.

हिमाचलात २०२४ पासून २० किलोची युनिव्हर्सल पेटी, म्हणजे सगळ्यांना एकाच मापाचं खोकं, आली, तेव्हापासून ठासून भरण्याला आळा बसलाय. तरी खालच्या थरातली डागी फळं अंगठ्याने दाबून बघावीतच.

आणि गाळ्यावर नुसतं ‘हिमाचल’ हे उत्तर मान्य करू नका. जात विचारा, बाग किती उंचीवरची तेही विचारा. खालच्या पट्ट्यातला माल आधी तयार होतो, किन्नौरचा बराच उशिरा.