हंट्सव्हिल, अलाबामा

आज पोरांना घेऊन हंट्सव्हिलला जाऊन आलो आणि अजून डोक्यातून जात नाहीये. स्पेस अँड रॉकेट सेंटरमध्ये सॅटर्न फाइव्ह रॉकेट आडवं टांगलंय, ३६३ फूट, आपण खालून चालत राहतो आणि ते संपतच नाही, मागच्या पाच इंजिनांपाशी उभं राहिलं की कळतं माणूस चंद्रावर कशाच्या जोरावर गेला. हे उडालेलं नाही, जमिनीवरच्या चाचण्यांसाठी बनवलेलं, पण खरंखुरं!

बाहेर मिस बेकरची समाधी आहे. एवढीशी माकडीण, १९५९ मध्ये अंतराळात जाऊन जिवंत परत आली आणि पुढे १९८४ पर्यंत जगली. दगडावर कोणीतरी केळी ठेवलेली, लोक नेहमी ठेवतात म्हणे. धाकटीने तिच्या डब्यातलं अर्धं केळं ठेवलं, मला एकदम भरून आलं.

मग गावातला जुना रेल्वे डेपो, १८६० चा. १८६२ मध्ये, अमेरिकेतल्या यादवी युद्धात, युनियन म्हणजे उत्तरेकडच्या सैन्याने गाव घेतलं ते या रेल्वेलाइनसाठीच. तिसऱ्या मजल्याच्या भिंतींवर तेव्हाच्या सैनिकांनी खरडलेलं अजून आहे. सगळे रॉकेट बघून परत फिरतात, प्लीज असं करू नका, डेपोला जाच.